हेलसिंकीचा तराजू

सणासुदीला घरात चार माणसे जमली, फराळाची ताटे पुढे आली आणि बोलण्याची गाडी खेळांवर वळली, की एक प्रश्न कोणीतरी काढतोच : आजवरच्या ऑलिंपिकमधला सर्वांत थोर खेळाडू कोण? थोरला पुतण्या लगेच अमेरिकेच्या मायकेल फेल्प्सचे नाव घेतो, कारण त्याची पदके अठ्ठावीस. काकांना जेसी ओवेन्सच्या पलीकडे कोणी दिसत नाही. आजोबा ध्यानचंदांना सोडायला तयार नसतात. आणि एखादी चुणचुणीत नात मध्येच विचारते, "पण यांच्यात बाई कशी एकही नाही?" चकल्या संपतात, वाद काही संपत नाही.

तो संपत नाही याला कारण आहे. बाजारात आपण दूध लिटरने घेतो, कापड मीटरने घेतो आणि केळी डझनाने घेतो. घरी आल्यावर या तिन्हींत जास्त काय आणले, असे कोणी विचारीत नाही. खेळांच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच विचारतो. धावणाऱ्याला घड्याळ मोजते, उडी मारणाऱ्याला फीत मोजते, मल्लाला समोरचा मल्ल मोजतो, आणि घोडेस्वाराला तर पंचांची नजर मोजते. या सगळ्यांना एकाच तागडीत घालून वजन करा, असा आपला हट्ट!

आम्हा मास्तर मंडळींना ही अडचण नवी नाही. गणितात पैकीच्या पैकी मिळवणारा मुलगा आणि निबंधात शंभरांत सत्तर मिळवणारी मुलगी, यांत हुशार कोण? आम्ही बेरीज करतो, टक्के काढतो, पहिला-दुसरा क्रमांक लावून मोकळे होतो. बेरीज अगदी बरोबर असते. पण गणितात शंभर मिळू शकतात आणि निबंधाला शंभर कोणीच देत नाही, ही गोष्ट त्या बेरजेत कोठेच उमटत नाही.

म्हणून या वादाचा निवाडा करण्याआधी वाचकांना एका गावी घेऊन जावे असे मनात आहे. गाव फिनलंडची राजधानी हेलसिंकी, आणि काळ १९५२ सालचा जुलै-ऑगस्ट. त्या ऑलिंपिकला ६९ देशांचे जवळजवळ पाच हजार खेळाडू जमले होते. थोरवीचे जितके म्हणून प्रकार असू शकतात, ते बहुतेक सगळे त्या पंधरवड्यात एका गावात हजर होते; आणि त्या गर्दीत आपल्या कऱ्हाडजवळचा एक माणूसही होता. तराजू पारखायला यापेक्षा चांगली जागा मिळणे कठीण.

१९ जुलैला उद्घाटन झाले. पाऊस पडत होता. ज्योत घेऊन मैदानात कोण येणार हे प्रेक्षकांना ठाऊक नव्हते. दारातून पंचावन्न वर्षांचा एक माणूस धावत आला आणि त्याच्या धावण्याच्या ढबीवरूनच सारे स्टेडियम ओळखून चुकले, की हा पावो नुर्मी! १९२० ते १९२८ या तीन ऑलिंपिकांत त्याने नऊ सुवर्ण आणि तीन रौप्य पदके मिळवली होती. १९२४ साली पॅरिसला त्याने १,५०० मीटर आणि ५,००० मीटर या दोन अंतिम शर्यती एकाच दिवशी, तासाभराच्या आत जिंकल्या. आपल्यापैकी कोणी एक जिना भरभर चढला तरी तेवढा वेळ दम खात बसतो!

पदकांची मोजणी हा आपला पहिला तराजू. तो सोपा आहे, आणि सोपा आहे म्हणूनच लोकांना आवडतो. या तराजूवर नुर्मीच्या बारा पदकांना पुढे सोव्हिएत युनियनच्या लारिसा लातिनिना या जिम्नॅस्ट बाईंनी मागे टाकले. १९५६, १९६० आणि १९६४ या तीन ऑलिंपिकांत मिळून त्यांची पदके अठरा, त्यांतली सुवर्ण नऊ. त्यांचा हा उच्चांक २०१२ सालापर्यंत टिकला. मग आला फेल्प्स. २००४ ते २०१६ या काळात त्याने २३ सुवर्ण, ३ रौप्य आणि २ ब्राँझ अशी २८ पदके नेली. पैकी आठ सुवर्णपदके एकट्या २००८ च्या बीजिंगमधली. प्राचीन ग्रीसमध्ये ऱ्होड्स बेटावरच्या लिओनिदास नावाच्या धावपटूने इसवी सनापूर्वी १६४ ते १५२ या काळात चार ऑलिंपिकांत बारा विजय मिळवले होते. वैयक्तिक विजयांचा तो आकडा ओलांडायला २०१६ साल उजाडावे लागले, आणि तोही फेल्प्सनेच ओलांडला. त्या ग्रीकांकडे, जाता जाता सांगायचे तर, दुसरा-तिसरा क्रमांक नव्हताच. पहिल्याला ऑलिव्हच्या पानांचा मुकुट, बाकीच्यांनी मुकाट्याने घरी जावे.

मग झाले की! फेल्प्स पहिला, लातिनिना दुसऱ्या, वाद मिटला. पण थोडे थांबा. पोहणाऱ्याला एका ऑलिंपिकमध्ये किती पदके मिळू शकतात? अंतरे वेगळी, पोहण्याच्या रीती वेगळ्या, शिवाय चौघांच्या शर्यती. अंगात बळ असेल तर आठ. आता मल्ल घ्या. त्याचे वजन एक, त्या वजनाचा गट एक, पदक एक. क्यूबाचा मिहाईन लोपेस हा ग्रीको-रोमन कुस्तीतला मल्ल २००८ पासून २०२४ पर्यंत पाच ऑलिंपिकांत लागोपाठ पाच सुवर्णपदके जिंकला. एकाच वैयक्तिक स्पर्धेत लागोपाठ पाच सुवर्णे त्याच्याआधी कोणालाही मिळाली नव्हती. म्हणजे सोळा वर्षे जगातल्या एकाही मल्लाला ऑलिंपिकमध्ये त्याला हरवता आले नाही. तरी पदकांच्या यादीत तो पाचच्या रकान्यात, आणि फेल्प्स अठ्ठावीसच्या. हा फरक दोन माणसांमधला आहे की दोन वेळापत्रकांमधला?

सांघिक खेळाचे तर विचारूच नका. ध्यानचंदांनी १९२८, १९३२ आणि १९३६ या तिन्ही खेपांना हॉकीचे सुवर्ण मिळवून दिले; त्यांना यापेक्षा एकही पदक अधिक मिळणे शक्य नव्हते. पण प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९३२ साली लॉस एंजेलिसला हॉकीत संघ होते अवघे तीन : भारत, जपान आणि अमेरिका. अमेरिकेवर आपण २४ विरुद्ध १ असा विजय मिळवला, तो ऐकून ऊर भरून येतो. पण समोर कोण होते हेही लक्षात ठेवावे. ध्यानचंदांची थोरवी पाहायची तर ती १९३६ साली बर्लिनच्या अंतिम सामन्यात पाहावी. यजमान जर्मनीशी त्यांच्याच मैदानावर गाठ पडली, आणि निकाल लागला ८ विरुद्ध १.

आणि नुर्मीचे काय? १९३२ साली धावण्याबद्दल पैसे घेतले या आरोपावरून त्याला ऑलिंपिकबाहेर ठेवण्यात आले. मोजणारा मिळालेली पदके मोजतो. धावू न दिलेल्या शर्यती कोण मोजणार?

हेलसिंकीचा नायक मात्र नुर्मी नव्हता. तो मान चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकचा. झाटोपेक धावायचा ते बघवत नसे. मान वाकडी, चेहरा वेडावाकडा, जणू प्रत्येक पावलाला पोटात कळ येते आहे. पण २० जुलैला त्याने १०,००० मीटरची शर्यत जिंकली, २४ जुलैला ५,००० मीटरची जिंकली, आणि २७ जुलैला तो मॅरेथॉनला उभा राहिला. ४२ किलोमीटर १९५ मीटरची ही शर्यत तो जन्मात पहिल्यांदा धावत होता! तीही त्याने जिंकली. तिन्ही शर्यतींत ऑलिंपिकचे नवे उच्चांक. एकाच ऑलिंपिकमध्ये या तीन शर्यती जिंकणे त्याच्याआधी कोणाला जमले नव्हते आणि त्याच्यानंतरही जमलेले नाही. भरीस भर म्हणजे, ज्या दिवशी त्याने ५,००० मीटरची शर्यत जिंकली, त्याच दिवशी त्याची पत्नी दाना हिने भालाफेकीत सुवर्णपदक मिळवले. दोघांचा जन्मही एकाच तारखेचा, १९ सप्टेंबर १९२२. कादंबरीत असे लिहिले तर वाचक म्हणतील, लेखकाने फारच जुळवून आणले.

आता या तीन पदकांना फेल्प्सच्या आठांसमोर ठेवा. तीन हलकी आणि आठ जड, असे म्हणायला जीभ धजावते का? येथे आपण नकळत तराजू बदलतो. आपण संख्या सोडतो आणि पल्ला पाहू लागतो : एका देहात किती निरनिराळ्या प्रकारचे सामर्थ्य मावले?

हा पल्ला मोजण्याचा प्रयत्न ऑलिंपिकने स्वतःच करून पाहिला आहे. त्याचे नाव डेकॅथलॉन. दोन दिवसांत दहा प्रकार : धावणे, उड्या, गोळा, थाळी, भाला, अडथळे, सारे काही. प्रत्येक प्रकारातल्या कामगिरीला कोष्टकातून गुण द्यायचे आणि दहांची बेरीज करायची. म्हणजे आमचे गुणपत्रकच! वेगवेगळ्या खेळांना एका मापात कसे आणायचे, हा जो आपला फराळाच्या ताटावरचा वाद, त्याचे उत्तर शोधायला तज्ज्ञांनी कोष्टके घेऊन बसावे, तसा हा प्रकार आहे. हेलसिंकीला अमेरिकेच्या बॉब मॅथायसने ७,८८७ गुणांचा जागतिक उच्चांक करून ही स्पर्धा जिंकली. दुसरा आलेला खेळाडू त्याच्या ९१२ गुणांनी मागे होता. चार वर्षांपूर्वी लंडनला हाच मॅथायस वयाच्या सतराव्या वर्षी जिंकला होता.

पण हे गुण येतात कोठून? माणसांनीच बसून ठरवलेल्या कोष्टकातून. १९६० साली रोमला काय झाले पाहा. अमेरिकेचा राफर जॉन्सन आणि तैवानचा यांग चुआन-क्वांग हे दोघे एकाच विद्यापीठात एकत्र सराव करणारे मित्र. दहांपैकी सात प्रकारांत यांग जॉन्सनच्या पुढे होता. जॉन्सन पुढे होता फक्त गोळा, थाळी आणि भाला या तीन फेकींत. सात विरुद्ध तीन. तरी सुवर्णपदक मिळाले जॉन्सनला, कारण फेकींत त्याने जी आघाडी घेतली ती गुणांत फार मोठी होती. बेरीज झाली ८,३९२ आणि ८,३३४. शेवटची १,५०० मीटरची शर्यत यांगने जिंकली, पण जॉन्सन जीव तोडून त्याच्या मागे चिकटून राहिला आणि अवघ्या सव्वा सेकंदाच्या अंतराने आला. आता सांगा, दोघांत श्रेष्ठ कोण? सात विषयांत वर असलेला, की बेरजेत वर असलेला?

पुढची गोष्ट तर याहून नवलाची. १९६३ साली यांगने ९,१२१ गुणांचा जागतिक उच्चांक केला. त्यानंतर कोष्टक बदलले. नव्या कोष्टकाने तोच उच्चांक हजाराहून अधिक गुणांनी खाली आला. यांगच्या उड्या तेवढ्याच उंच होत्या, धाव तेवढीच वेगवान होती. बदलला होता तो कागद. १९६४ साली टोकियोला यांग पाचवा आला. आणि १९८४ साली लॉस एंजेलिसला इंग्लंडचा डेली थॉम्प्सन ८,७९७ गुणांनी जिंकला, पण जर्मन युर्गन हिंगसेनचा जागतिक उच्चांक त्याला एका गुणाने हुकला. दोन वर्षांनी अडथळ्यांच्या शर्यतीचे छायाचित्र पुन्हा तपासले, तेव्हा थॉम्प्सनला तो एक गुण मिळाला आणि दोघे बरोबरीत आले. तोवर पुन्हा कोष्टक बदलले होते. नव्या कोष्टकात थॉम्प्सनचे झाले ८,८४७ आणि हिंगसेनचे ८,८३२. शर्यती संपून दोन वर्षे झाल्यावर, घरी बसलेला माणूस जगात पहिला झाला!

याचा अर्थ कोष्टके खोटी असे मुळीच नाही. ती विचारपूर्वक केलेली असतात, आणि त्यांच्यावाचून स्पर्धा होणार नाही. अर्थ इतकाच, की तराजू आभाळातून पडत नाही. तो कोणीतरी घडवलेला असतो, आणि घडवणाऱ्याला ज्याची किंमत वाटते त्या बाजूला तो झुकतो.

मग फीत आणि घड्याळ तरी निर्विकार मानावे का? १९६८ साली मेक्सिको शहरात बॉब बीमनने लांब उडी मारली ८.९० मीटर. आधीचा उच्चांक होता ८.३५. मोजायला लावलेले यंत्र त्या अंतरापर्यंत पोहोचेना, तेव्हा पोलादी फीत आणावी लागली. हा उच्चांक १९९१ पर्यंत टिकला. पण मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंच; हवा विरळ; पाठीमागून वारा नियमाने चालेल तितका पुरेपूर. आणि बीमन स्वतः पुन्हा त्या अंतराच्या आसपासही गेला नाही. एका क्षणाची थोरवी आणि आयुष्यभराची थोरवी यांत डावे-उजवे करायचे, तर ते फीत सांगत नाही.

आयुष्यभराची थोरवी पाहायची तर हेलसिंकीच्या तलवारबाजीच्या दालनात जावे. तेथे हंगेरीचा आलादार गेरेविच होता. १९३२ साली तो पहिल्यांदा सेबर प्रकाराच्या सांघिक सुवर्णपदकाचा धनी झाला, आणि १९६० सालीही त्याच स्पर्धेत तो जिंकला. अठ्ठावीस वर्षांत सहा ऑलिंपिक, आणि सहाही वेळा सुवर्ण. यातही एक मेख आहे. १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिके महायुद्धामुळे झालीच नाहीत. ती झाली असती तर?

हाच प्रश्न हॉलंडच्या फॅनी ब्लँकर्स-कोएन यांच्याबद्दल अधिक बोचतो. १९३६ साली त्या अठरा वर्षांच्या होत्या. पुढची बारा वर्षे, म्हणजे धावपटूच्या अंगातला सारा बहर, युद्धात गेली. १९४८ साली लंडनला त्या आल्या तेव्हा वय तीस आणि पदरी दोन मुले. घरी मुले सांभाळावीत हे बरे, असे सुचवणारे लोक तेथेही होते. त्यांनी चार सुवर्णपदके मिळवली. लांब उडीचा ६.२५ मीटरचा जागतिक उच्चांक त्यांच्याच नावावर होता, पण लंडनला त्यांनी लांब उडीत भाग घेतला नाही, तेथे ५.६९ मीटरला सुवर्णपदक गेले. पदकांच्या यादीत त्यांच्या नावापुढे आहे चार हा आकडा. त्याच्यामागे किती आकडे दडले आहेत, ते यादीला ठाऊक नाही.

आता तराजूची आणखी एक बाजू, आणि माझ्या मते सर्वांत विसरली जाणारी : मैदानात उतरू कोणाला दिले? १९४८ पर्यंत घोड्याच्या ड्रेसाज या प्रकारात, म्हणजे शिस्तबद्ध चालींच्या खेळात, लष्करात असाल तर अधिकारीच असावे लागे. स्त्रियांना तर मज्जावच. १९४८ साली स्वीडनच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. मागाहून कळले, की त्यांचा गेनेल पर्सन हा खरा तर सार्जंट. स्पर्धेपुरती त्याला बढती दिली होती. पदक काढून घेतले गेले. घोडा तोच, स्वार तोच, चाल तीच; खांद्यावरची पट्टी तेवढी कमी पडली! १९५२ पर्यंत नियम बदलला होता. हेलसिंकीला तोच पर्सन आणि तेच साथीदार आले, आणि पुन्हा सुवर्णपदक घेऊन गेले.

त्याच स्पर्धेत, त्याच वर्षी प्रथमच स्त्रियांना दार उघडले, आणि डेन्मार्कच्या लिस हार्टेल आत आल्या. १९४४ साली पोलिओ होऊन त्यांच्या गुडघ्यांखालच्या पायांतले बळ गेले होते. घोड्यावर बसवायला आणि उतरवायला माणूस लागे. ज्या खेळात स्वार पायांच्या दाबाने घोड्याशी बोलतो, त्या खेळात त्यांनी रौप्यपदक मिळवले. पदक घ्यायला चौथऱ्यावर चढताना त्यांना हात दिला तो सुवर्णपदक जिंकलेल्या स्वीडनच्या आँरी सेंट सीर यांनी. १९५६ साली त्यांनी पुन्हा रौप्यपदक मिळवले. आणि पिस्तूल नेमबाजीत होता हंगेरीचा कारोली टाकाच. १९३८ साली हातबाँब फुटून त्याचा उजवा हात, ज्याने तो नेम धरीत असे तोच, निकामी झाला. तो डाव्या हाताने शिकला. १९४८ साली सुवर्ण, आणि हेलसिंकीला पुन्हा सुवर्ण.

पण येथे सावध राहिले पाहिजे. हालअपेष्टा ऐकून डोळे भरून येतात, आणि डोळे भरले की वजन नीट दिसत नाही. टाकाच थोर, ते त्याचा हात गेला म्हणून नव्हे. डाव्या हाताच्या गोळ्या लक्ष्यावर बसल्या म्हणून. दुःखाला गुण द्यायचे नसतात. पण कोण कोठून निघाला हे न पाहता कोठे पोहोचला एवढेच पाहिले, तर अर्धी शर्यत पाहायची राहून जाते.

आता आपल्या माणसाकडे वळू. गोळेश्वर हे कऱ्हाडजवळचे गाव. तेथे १९२६ साली जन्मलेले खाशाबा दादासाहेब जाधव मातीत कुस्ती शिकले. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडनला गेले आणि सहावे आले. गादीवरची कुस्ती त्यांना नवीन होती. मातीत पाय रोवतो तसा गादीवर रोवत नाही, डाव तेच असले तरी अंदाज निराळे. पुढची चार वर्षे त्यांनी ते अंदाज बसवले. हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैशाची अडचण होती. गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. वाचकहो, आपल्या विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणाऱ्या प्राचार्यांचे नाव पदकांच्या कोणत्या कोष्टकात शोधायचे?

हेलसिंकीला ५७ किलोच्या गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल हरवले. मग जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत युनियनचा रशीद ममदबेयोव या दोघांकडून ते हरले. दोन कुस्त्यांमध्ये नियमाप्रमाणे मिळायची विश्रांती त्यांना मिळाली नाही, आणि दाद मागायला कोणी भारतीय अधिकारी जवळ नव्हता, असे आजवर सांगत आले आहेत. पदक मिळाले ब्राँझचे. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळायला १९९६ साल आणि लिअँडर पेस यावे लागले. मध्ये चव्वेचाळीस वर्षे गेली. महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक पदक मिळाले ते २०२४ साली पॅरिसला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेच्या नेमबाजीतले. त्याला लागली बहात्तर वर्षे.

कऱ्हाडला परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे पैसे फेडले. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले, आणि नोकरी करीत निवृत्त झाले. १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. हयातीत त्यांना ना पद्म पुरस्कार मिळाला, ना अर्जुन. अर्जुन मिळाला २००० सालचा, म्हणजे मरणानंतर सोळा वर्षांनी. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव दिले गेले तेही पुढे, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने.

एवढा उशीर कशाने झाला? मला वाटते, आपल्या हातात एकच तराजू होता म्हणून. त्याच हेलसिंकीत आपल्या हॉकी संघाने सुवर्णपदक मिळवले होते. अंतिम सामन्यात बलबीरसिंग यांनी सहापैकी पाच गोल एकट्याने केले होते. ते कौतुक योग्यच होते. पण सोन्याच्या झळाळीपुढे ब्राँझ कोणाला दिसणार? सुवर्ण एक, ब्राँझ एक, असा हिशेब झाला. सरकारी पथकाच्या मदतीवर गेलेला संघ आणि गहाण घराच्या पैशावर गेलेला एकटा मल्ल यांतला फरक हिशेबात आलाच नाही. तराजू चुकीचा धरला तर नुसता वाद हरत नाही. जिवंत माणूस आपला मान मिळण्याची वाट पाहत म्हातारा होतो.

मग यावर कोणी म्हणेल, की असे केले तर सगळेच थोर आणि कोणीच पहिला नाही! तसेही नाही. प्रत्येकापुढे चार प्रश्न ठेवावेत. याच्या खेळात किती जिंकणे शक्य होते, आणि त्यातले याने किती जिंकले? समोर कोण उभे होते? किती काळ टिकला? आणि जेथून निघाला तेथून पोहोचण्याचे अंतर किती? या चारांवर फेल्प्स थोर ठरतोच. त्याची पदके काही कोष्टकाने दिलेली नाहीत. पण त्याच्या शेजारी लोपेस येऊन बसतो, झाटोपेक येतो, फॅनीबाई येतात. आणि थोडे सरकून खाशाबांनाही बाकावर जागा करून द्यावी लागते. ते पहिले आहेत म्हणून नाही. त्यांना बाहेर उभे ठेवण्याचे कारण उरत नाही म्हणून.

खेळाडूंना स्वतःला हे आपल्याआधी कळते. ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क हा लांब पल्ल्याचा धावपटू होता. त्याने सतरा जागतिक उच्चांक केले. पण ऑलिंपिकमध्ये त्याला काय मिळाले? १९६४ साली टोकियोला एक ब्राँझ. १९६८ साली मेक्सिकोच्या विरळ हवेत १०,००० मीटर धावून तो कोसळला, आणि सुवर्णपदक त्याच्या हाती कधीच लागले नाही. यादी वाचणाऱ्याच्या लेखी तो एक ब्राँझवाला.

१९६० च्या दशकात हा क्लार्क प्राग शहरात झाटोपेककडे पाहुणा होता. निघताना विमानतळावर झाटोपेकने त्याच्या हातात एक लहानसे पुडके ठेवले. काय आहे ते सांगितले नाही. क्लार्कने विमान उडाल्यावर ते उघडले. आत एक सुवर्णपदक होते, हेलसिंकीचे, १९५२ सालच्या १०,००० मीटरच्या शर्यतीचे.